बार्शीच्या दवाखान्यावरचे नाव



आपल्या कळंब भागात एखाद्या आजाऱ्याला बार्शीला नेले असे कानावर आले की ऐकणारा क्षणभर गप्प होतो. कोणता दवाखाना, हे विचारावे लागत नाही. त्या कॅन्सर रुग्णालयावर नर्गिस दत्त यांचे नाव आहे. तरुणांना त्या संजय दत्तची आई म्हणून माहीत, तर वडीलधाऱ्यांना ‘मदर इंडिया’मधली नांगर ओढणारी राधा म्हणून. पण त्यांचे नाव आपल्या या दुष्काळी मुलखात कसे आले? या रविवारी आम्ही त्यांचे चरित्र थोडक्यात सांगणार आहोत.

नर्गिस यांचा जन्म १ जून १९२९ रोजी कोलकात्यात झाला. त्यांचे मूळ नाव फातिमा रशीद. आई जद्दनबाई नामवंत गायिका, पुढे चित्रपट निर्मातीही झाल्या. मुलीला डॉक्टर व्हायचे होते असे सांगतात. पण ‘बेबी नर्गिस’ या नावाने १९३५ मध्ये, म्हणजे वयाच्या सहाव्या वर्षी, ती पडद्यावर आली आणि १९४३ च्या ‘तकदीर’पासून नायिका झाली. ‘आवारा’ (१९५१) आणि ‘श्री ४२०’ (१९५५) यांनी त्यांचे नाव देशाबाहेरही नेले.

‘मदर इंडिया’ १९५७ साली आला. त्याच्या चित्रीकरणात गवताच्या गंजींना लागलेल्या आगीत नर्गिस अडकल्या. त्यांच्या मुलाची भूमिका करणाऱ्या सुनील दत्त यांनी आत उडी घेऊन त्यांना बाहेर काढले. त्यात ते स्वतः भाजले. त्यांची शुश्रूषा नर्गिस यांनी केली. ११ मार्च १९५८ रोजी दोघांचा विवाह झाला. एक मुसलमान, दुसरा हिंदू. पण त्यांच्या संसाराचा पाया एकमेकांच्या दुखण्यात उशाशी बसण्यात होता, हे लक्षात ठेवावे.

लग्नानंतर त्यांनी चित्रपट जवळजवळ सोडले आणि तीन मुले वाढवली. पतीसोबत ‘अजंता आर्ट्स’ या पथकातून कलावंतांना घेऊन त्या सीमेवरच्या जवानांपर्यंत गेल्या. मेंदूच्या पक्षाघाताने अपंग झालेल्या मुलांसाठी मुंबईत १९७२ मध्ये स्पास्टिक्स सोसायटी सुरू झाली, तिच्या त्या आश्रयदात्या झाल्या. अशी मुले त्या काळी घरात झाकून ठेवली जात. एवढी प्रसिद्ध बाई त्यांच्यासाठी उघडपणे उभी राहते, हे पाहून कितीतरी आयांना धीर आला असेल.

१९८० साली त्या राज्यसभेच्या सदस्य झाल्या. त्याच वर्षी दुखणे सुरू झाले. आधी कावीळ वाटली, पण निदान झाले स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे. न्यूयॉर्कच्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयात त्यांच्यावर अनेक शस्त्रक्रिया झाल्या. सुनील दत्त महिनोन् महिने त्यांच्याजवळ राहिले. ३ मे १९८१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ५२ वर्षे पूर्ण व्हायला एक महिना कमी होता. चौथ्या दिवशी मुलाच्या पहिल्या चित्रपटाचा पहिला खेळ झाला, तेव्हा त्यांची खुर्ची रिकामी ठेवली होती.

सुनील दत्त यांनी त्या दुःखाला काम दिले. पत्नीच्या नावाने कॅन्सर रुग्णांसाठी प्रतिष्ठान उभे केले. इकडे बार्शीत डॉ. बी. एम. नेने आणि त्यांचे सहकारी खेड्यातल्या रुग्णांसाठी कॅन्सर रुग्णालय उभारत होते. मुंबई गाठू न शकणाऱ्यांच्या त्या रुग्णालयाला नर्गिस दत्त यांचे नाव मिळाले.

पुढे तेथे फार मोलाचे काम घडले. १९८७ मध्ये बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतील गावांसाठी ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणे समजावू लागले, आणि काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बाया आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. फक्त कोणीतरी दारात येऊन बोलले, म्हणून! १९९९ पासून आपल्याच जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या उस्मानाबादच्या, सव्वा लाखांहून अधिक बायांचा अभ्यास झाला. एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीमुळे या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे होतात, हे २००९ मध्ये त्यातून जगाला कळले.

आज भारतातील स्त्रियांमध्ये सर्वांत जास्त आढळतो तो स्तनाचा कॅन्सर. मुंबईत टाटा रुग्णालयाने वीस वर्षे केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला. प्रशिक्षित कार्यकर्तीने दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तन तपासले, तर पन्नाशीपुढच्या स्त्रियांमधील या आजाराचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होतात. गाठ बहुधा दुखत नाही, आणि म्हणूनच बाई गप्प राहते. गाठ, कातडीला पडलेली खळी, बोंडीतून रक्त, यांपैकी काहीही दिसले तर सुगी संपण्याची वाट पाहू नये. लाजेपायी गेलेले महिने परत मिळत नाहीत.

आता प्रश्न आपला. आपल्यापैकी कोणाकडे रुग्णालय बांधण्याइतका पैसा नाही. पण दया आणि सोबत यांत फरक आहे. दया दाराशी येऊन हळहळते आणि परत जाते. सोबत आत येऊन विचारते की आज कोणते काम अडले आहे. उपचाराच्या दिवशी बरोबर एस.टी.त बसा. रांगेत उभे राहा, डॉक्टरांचे बोलणे कागदावर लिहून घ्या. त्या दिवशी तिच्या घरी भाकरी पोहोचवा, जनावरांना वैरण टाका, मुलांना शाळेत सोडा. ऊसतोडीला टोळी निघाली की उपचार मध्येच तुटतो. तेव्हा ती मागे राहू शकेल अशी व्यवस्था नातेवाइकांनी मिळून करावी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार होतात, रेल्वेत रुग्णाला आणि सोबत्याला सवलत मिळते. त्याची कागदपत्रे जमवून देणे हीसुद्धा मोठी सेवा आहे.

काही गोष्टी टाळाव्यात. अमक्याच्या झाडपाल्याने गाठ विरघळली असे सांगून उपचार थांबवू नका. कोण कसे दगावले, हे तिच्यापुढे सांगू नका. हा रोग शिवल्याने होत नाही. तिचे ताट-पेला वेगळा काढू नका. पतींनो, शस्त्रक्रियेने तिचा स्तन गेला, औषधाने केस गेले, तरी ती तुमची तीच पत्नी आहे. हे तिला तुमच्या वागण्यातून रोज कळले पाहिजे. आणि उपचार संपले म्हणून येणे-जाणे बंद करू नका. तपासण्या वर्षानुवर्षे चालतात, भीतीही तितकीच टिकते.

आपल्या धर्मग्रामात कोणाला बार्शीला जायचे असेल आणि सोबत नसेल, तर मिस्सेनंतर आम्हाला येऊन सांगावे. नाव बाहेर जाणार नाही. ज्यांना महिन्यातला एक दिवस कोणाबरोबर जाता येईल, त्यांनीही आपले नाव द्यावे. पुढच्या रविवारपर्यंत दहा नावे जमली तरी सुरुवात होईल.

तुमचे धर्मगुरू