अण्णाभाऊंची मैना आणि आम्ही बऱ्हाणपूरकर

अण्णाभाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावी झाला. शाळा जेमतेम दीड दिवसाची. मुंबईत ते गिरणी कामगार झाले. १९४४ साली अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. त्यांच्या 'माझी मैना' या छक्कडीत आधी गावी राहिलेल्या बायकोचा विरह येतो. त्याच ध्रुपदावर पुढे बेळगाव-कारवारचा. यमक सोपे, बोली रोजची. म्हणून संयुक्त महाराष्ट्राचे गाऱ्हाणे कामगारांना घरचे वाटले. १८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ गेले; बेळगाव-कारवार बाहेरच राहिले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मध्य प्रदेशातच राहिलेले आम्ही ताप्तीकाठचे मराठीही त्या मैनेच्याच बाजूचे. आपली बोली मुलांच्या तोंडी नांदो, हेच गणरायाकडे मागणे.