चार्लस केटरिंग

धारूरचा घाट चढतांना एखादी जुन्या बनावटीची मोटार अडखळूं लागली, म्हणजे जाणता मिस्त्री तिच्या डिस्ट्रिब्यूटरचें टोपण उघडून पाहतो. विजेची ठिणगी प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीनें वांटून देणारी ती डबी होय. बॅटरीवर चालणारी ही योजना ज्यांनीं व्यवहारांत रूढ केली, त्या चार्लस केटरिंग ह्यांचें चरित्र, विद्यार्थिमित्रांनो, मननीय आहे.

केटरिंग ह्यांचा जन्म 29 ऑगस्ट 1876 रोजीं अमेरिकेंतील ओहायओ प्रांतांत एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. त्यांची दृष्टि अधू होती. कांहीं काळ खेड्यांत शिक्षकाचें काम करून ते कॉलेजांत गेले, परंतु डोळ्यांच्या व्यथेमुळें अभ्यास सोडावा लागला. तेव्हां निराश होऊन स्वस्थ न बसतां त्यांनीं टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीबरोबर काम केलें, व पुन्हां परत येऊन 1904 सालीं, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, इंजिनियरची पदवी मिळविली.

पुढें डेटन शहरीं एडवर्ड डीड्स ह्या स्नेह्याच्या कोठारांत खपून त्यांनीं ही योजना सिद्ध केली. कॅडिलॅक कंपनीनें ती 1910 च्या मोटारींत घेतली. 1912 च्या मोटारींत त्यांचा विजेचा स्टार्टर आला, आणि हँडल फिरवितांना हात मोडण्याचें भय सरलें.

ह्या डबीचा दांडा इंजिन फिरवितें. दांड्याला वंगण हवें, पण पॉइंटांना तेल वर्ज्य. सील झिजलें कीं तेल दांड्यावरून वर चढतें, पॉइंटांवर जळून काजळी धरतें, व ठिणगी क्षीण होते. पॉइंट पुसून मोटार कांहीं दिवस चालवावी व टोपण पुन्हां उघडावें. तेल परत आलें असेल तर सील, बुश व इंजिनाचा तुंबलेला ब्रीदर तपासावा. आलें नसेल तर वंगण घालणाऱ्याचाच हात सैल होता असें समजावें. नुसतें पुसून दोष जात नाहीं. मूळ शोधावें लागतें.

केटरिंग ह्यांच्या कार्यालाही एक डाग आहे. 1920 पासून 1947 पर्यंत ते जनरल मोटर्सच्या संशोधनशाळेचे प्रमुख होते. पेट्रोलांत शिशाचें संयुग घातल्यास इंजिनाची ठोक थांबते, असा शोध 1921 सालीं तेथें लागला. 1924 सालीं तें तयार करणारे कांहीं कामगार विषबाधेनें मेले, तरी केटरिंग ह्यांनीं त्याचा पुरस्कार सोडला नाहीं. इंजिनाचें हित झालें; पण तें शिसें हवेंत मिसळून लहान मुलांच्या मेंदूला अपाय करीत राहिलें. भारतांत असें पेट्रोल 2000 सालीं बंद झालें, व मोटारींसाठीं तें विकणाऱ्या अखेरच्या देशांत 2021 सालीं.

25 नोव्हेंबर 1958 रोजीं केटरिंग निवर्तले. त्यांची चिकाटी आपण अवश्य घ्यावी. परंतु यंत्रांतील दोष ज्या निष्ठेनें शोधावा, त्याच निष्ठेनें आपल्या यशांतीलही शोधावा, हा धडा त्यांच्या चरित्रांतील उणिवेपासून घ्यावा. ईश्वरानें दिलेली बुद्धि शेजाऱ्याच्या कल्याणासाठीं आहे, ह्याचा विसर पडूं देऊं नये.