दाताची ‘कीड’ शोधणारा कापडवाला

दाताला कीड लागली, असं आपण आजही सर्रास म्हणतो. प्रत्यक्षात तिथे अळी-बिळी काही नसते. मग दात पोखरतं कोण? हा गुन्हेगार सर्वात आधी पाहणारा माणूस डॉक्टर नव्हता, कापडाचा दुकानदार होता.

अँटनी व्हॅन लेव्हेनहूक १६३२ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावात जन्मला. वडील टोपल्या विणायचे, पण तो लहान असतानाच वारले. कॉलेजचं शिक्षण नाही, लॅटिन येत नाही, भाषा फक्त डच. तरी हा माणूस स्वतःच्या लेन्स स्वतःच बनवू लागला. त्याचा सूक्ष्मदर्शक म्हणजे पितळेच्या दोन छोट्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये वाटाण्याहून लहान एकच लेन्स. त्यातला आज शिल्लक असलेला एक तर सुमारे २७० पट मोठं दाखवतो.

शाळेत कांद्याचा पापुद्रा पाहिला असेलच. विंचूरच्या बाजारातला कांदा घेतलात तरी त्याच्या पेशी साध्या सूक्ष्मदर्शकात सहज दिसतात. जिवाणू त्याहून शंभरपटीने लहान! लेव्हेनहूकने ते पाहिले.

१६८३ मध्ये त्याने स्वतःच्या दातांमधला पांढरा थर खरवडून पाहिला. तो रोज मिठाने दात घासायचा, तरी त्या थरात असंख्य जीव वळवळत होते. मग त्याने इतरांच्या तोंडातलेही नमुने तपासले आणि सगळं लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवलं. पुढे १७०० च्या सुमारास दातातून काढल्याचा दावा असलेल्या अळ्या त्याच्याकडे आल्या. त्या चीजमधल्या अळ्यांसारख्याच निघाल्या.

म्हणजे अळीची गोष्ट खोटी ठरली, खरे जीवही दिसले. पण दोन्ही टोकं जुळली नाहीत. एक कारण असं, की लेव्हेनहूकने आपल्या सर्वात चांगल्या लेन्सची पद्धत कुणालाच सांगितली नाही. १७२३ मध्ये नव्वदाव्या वर्षी तो गेला आणि ती पद्धतही गेली. सोर्स कोड न देता डेव्हलपर निघून जावा, तसंच. २०२१ मध्ये संशोधकांनी न्यूट्रॉन वापरून त्याचं यंत्र न उघडता आत पाहिलं, तेव्हा कळलं की ती ताकदवान लेन्स म्हणजे काच वितळवून केलेली छोटी गोळी होती.

दाताचं कोडं सुटायला १८९० साल उजाडलं. विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने दाखवलं, की तोंडातले जिवाणू साखर आणि पिठूळ अन्नापासून आम्ल बनवतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. दाताचं बाहेरचं कवच, म्हणजे इनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. शरीरातला सर्वात कठीण पदार्थ. पण तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की त्यातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटू लागतं.

थोडं नुकसान लाळ भरून काढते. पण इनॅमल बनवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत संपलेल्या असतात. हाड तुटलं तर जुळतं, इनॅमलला मात्र खड्डा पडला की तो आपोआप भरत नाही. म्हणून रात्री झोपण्यापूर्वी फोन चार्जिंगला लावलात, की ब्रशही हातात घ्या.