बर्फवाल्याचं इंजिन

जानेवारीतली सकाळ. पारनेरहून कान्हूर पठाराकडे जाताना लागणारं एक शिवार. कांदा लागणीसाठी टेम्पो भरून बायका आल्यात, रोपांच्या जुड्या बांधावर पडल्यात आणि ट्रॅक्टर काही सुरू होईना. सेल्फ मारला की घर्र घर्र होतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो आणि पुन्हा सगळं गप्प. रोटाव्हेटरची एक पाळी मारायची राहिलीये, आणि सुरू नसलं तरी मजुरी चालूच. मग एकेक उपाय निघतात. कुणी चुलीवरून गरम पाण्याची कळशी आणतं, कुणी दुसरी बॅटरी लावून बघतं, कुणी हवा ओढायच्या पाइपाशी पेटता बोळा धरतं. शेवटी शेजारच्या ट्रॅक्टरला साखळी लावून ओढायचं ठरतं.

या सगळ्या गोंधळात एका माणसाचं आडनाव दहादा घेतलं जातं. डिझेल आलंय का, डिझेल चढतंय का, डिझेलमध्ये पाणी तर नाही ना? डिझेल हे कुणाचं तरी आडनाव आहे, हे मला स्वतःला बारावीनंतर कळलं. तोवर पेट्रोल, रॉकेल, डिझेल ही एकाच कुळातली भावंडं वाटायची.

रुडॉल्फ डिझेल. जन्म १८ मार्च १८५८, पॅरिसचा. आईवडील मात्र जर्मन, बव्हेरियातले. वडील बुकबाइंडर, पुढे चामड्याच्या वस्तू बनवू लागले. घरची परिस्थिती बेताचीच. तयार माल हातगाडीवर घालून पॅरिसभर पोचवायचं काम पोराकडे. उरलेला वेळ तो एका तंत्रसंग्रहालयात काढायचा. तिथे जुनी वाफेची गाडी ठेवलेली होती, ती बघत बसायचा.

१८७० मध्ये फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात युद्ध पेटलं. पॅरिसमधल्या जर्मन कुटुंबांना रातोरात परकं ठरवलं गेलं. डिझेल कुटुंब लंडनला पळालं, पण तिथेही खायचे वांधे. मग बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्याला आगगाडीत बसवून जर्मनीत आउग्सबुर्ग शहरात नातेवाइकांकडे धाडलं. युद्धाचे दिवस, गाड्या अडलेल्या. तो प्रवास आठ दिवसांचा झाला. आउग्सबुर्गला ज्यांच्या घरी तो राहिला ते गणिताचे शिक्षक होते, आणि पोराचं नशीब तिथे फिरलं. चौदाव्या वर्षी त्याने आईवडिलांना पत्राने कळवून टाकलं की मी इंजिनिअर होणार. घरच्यांना त्याने लवकर कमवायला लागावं असं वाटत होतं. शिष्यवृत्ती मिळवून तो म्युनिकच्या पॉलिटेक्निकात गेला.

तिथे त्याला शिकवायला कार्ल फॉन लिंडे होते. आज आपण ज्या फ्रिजमधून पाण्याची बाटली काढतो, त्या यांत्रिक गारव्याचे एक जनक. लिंडेंनी वर्गात वाफेच्या इंजिनाचा हिशेब मांडला. शंभर रुपयांचा कोळसा जाळला तर फार तर दहा रुपयांचं काम मिळतं, बाकी धुरात जातं, असा त्याचा मथितार्थ. हा हिशेब पोराच्या डोक्यातून गेलाच नाही. हा नव्वद टक्के तोटा कसा थांबवायचा, याची नोंद त्याने वहीच्या कडेला करून ठेवली आणि पुढची पंधरा वर्षं त्या नोंदीमागे घालवली.

१८७९ च्या परीक्षेच्या वेळी त्याला टायफॉइड झाला. परीक्षा हुकली. पुढची परीक्षा होईपर्यंत स्वित्झर्लंडमधल्या एका कारखान्यात त्याने हातात पाना घेऊन काम केलं आणि जानेवारी १८८० मध्ये उत्तम गुणांनी पास झाला. (त्याच १८८० मध्ये इकडे पारनेरात पांडुरंग महादेव बापट जन्मले. तेही शिष्यवृत्तीवर एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेले, आणि पॅरिसहून येताना बॉम्ब बनवायची विद्या घेऊन आले. आपले सेनापती बापट. पण ती गोष्ट वेगळी.)

आता गंमत बघा. डिझेलला नोकरी लागली ती बर्फाच्या धंद्यात. लिंडेंनी त्याला पॅरिसच्या बर्फ कारखान्यावर पाठवलं आणि थोड्याच काळात तो तिथला प्रमुख झाला. १८८१ मध्ये त्याने पेटंट घेतलं तेही स्वच्छ पारदर्शक बर्फ बनवण्याच्या पद्धतीचं. दिवसा बर्फ विकायचा आणि रात्री इंजिनाची चित्रं काढायची, असं जवळपास दशकभर चाललं. आधी वाफेऐवजी अमोनियावर चालणारं इंजिन करून पाहिलं. वर्षं गेली, पैसा गेला, हाती काही लागलं नाही. १८८३ मध्ये लग्न झालं, मार्था नावाच्या मुलीशी; तीन मुलं झाली. आणि मग हळूहळू ती कल्पना पक्की झाली, ज्यामुळे त्या जानेवारीच्या सकाळी आपला ट्रॅक्टर रुसला होता.

कल्पना समजून घ्यायला सायकलचा पंप घ्या. जोरजोरात हवा भरली की पंपाचा खालचा भाग तापतो. हवा दाबली की गरम होते, बस एवढंच. डिझेलने विचार केला की हवा इतकी दाबायची की ती नुसत्या दाबाने लाल लोखंडासारखी तापली पाहिजे. मग तिच्यात तेलाचा फवारा सोडायचा. ते आपोआप पेटेल. ठिणगी नको, प्लग नको, मशाल नको. पेट्रोलच्या गाडीत आग बाहेरून लावावी लागते, इथे हवाच काडेपेटी.

आणि म्हणून थंडी या इंजिनाचा जन्मजात वैरी आहे. कागदावर हिशेब करू. ३५ अंशांची हवा सोळापट दाबली तर ती साडेसहाशे अंशांच्या पुढे जाते. पठारावरची ८ अंशांची हवा तेवढीच दाबली तर पावणेसहाशेच्या आसपास. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात रात्रभर गारठलेलं लोखंड त्यातली बरीच उष्णता पिऊन टाकतं. ऑइल घट्ट झालेलं असतं, बॅटरी थंडीने मलूल, त्यामुळे इंजिन हळू फिरतं. हळू फिरलं की गरम हवेला भिंतीला लागून गार व्हायला आणि रिंगांच्या फटीतून निसटायला वेळ मिळतो. तेल फवारतं, पण पेटत नाही. तो पांढरा धूर म्हणजे न पेटलेलं डिझेलच.

विहिरीवरचं जुनं एक सिलिंडरचं इंजिन ज्यांनी हँडल मारून सुरू केलंय, त्यांना हे विज्ञान मनगटाने माहीत आहे. वरची कळ उचलून व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा, म्हणजे हवा दबत नाही आणि चाक मोकळं फिरतं. हँडलने चाकाला चांगला वेग आला की कळ सोडायची. मग त्या जड चाकाचा जोर हवेला एका दमात दाबतो आणि पहिला ठोका पडतो. कळ लवकर सोडली तर इंजिन अडतं. हँडल वेळेत काढलं नाही तर मनगट जातं. आमच्या नानांच्या उजव्या हाताला अजून त्याची खूण आहे.

पुन्हा डिझेलकडे. १८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, पुढच्या वर्षी ते मिळालं, एक छोटं पुस्तकही निघालं. आउग्सबुर्गचा यंत्र कारखाना आणि क्रुप ही बलाढ्य कंपनी पैसा लावायला तयार झाली. १० ऑगस्ट १८९३ ला पहिली चाचणी. माणसापेक्षा उंच, तीन मीटरचं लोखंडी धूड. तेल आत गेलं आणि धडाम! दाब मोजायचं उपकरण फुटून त्याचे तुकडे डिझेल आणि त्याच्या मदतनिसाच्या डोक्याजवळून गेले. दुसरा कुणी घरी गेला असता. हा खूश झाला, कारण तेल पेटलं होतं. कल्पना खरी होती, यंत्र कच्चं होतं.

मग १७ फेब्रुवारी १८९४. हा प्रसंग मला सगळ्यात आवडतो. इंजिन स्वतःहून सुरू होत नव्हतं, म्हणून कारखान्यातल्या दुसऱ्या यंत्राच्या शक्तीने, पट्टा लावून ते फिरवत होते. म्हणजे आपण साखळी लावून ट्रॅक्टर ओढतो, तसंच. लिंडर नावाच्या मेकॅनिकचं लक्ष पट्ट्याकडे होतं. एकाएकी त्याला दिसलं की पट्टा ढिला पडलाय. आता पट्टा इंजिनाला ओढत नव्हता, इंजिन पट्ट्याला पुढे ढकलत होतं. जेमतेम एक मिनिटभर ते आपल्या जोरावर चाललं. लिंडरने काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली.

त्या एका मिनिटापासून विकण्याजोगं इंजिन व्हायला आणखी तीन वर्षं लागली. १७ फेब्रुवारी १८९७ ला म्युनिकच्या प्राध्यापक श्रोटर यांनी रीतसर मोजणी केली. जवळपास वीस हॉर्सपॉवरचं ते इंजिन, इंधनातल्या उष्णतेपैकी २६.२ टक्के कामात उतरवत होतं. वर्गात ऐकलेला तो दहा टक्क्यांचा हिशेब त्याने अडीचपटीच्या वर नेला होता.

इथे सिनेमा असता तर पडदा पडला असता. खऱ्या आयुष्यात कटकट इथेच सुरू झाली. देशोदेशीच्या कंपन्यांनी हक्क विकत घेतले, डिझेल लखपती झाला, म्युनिकला राजवाड्यासारखं घर बांधलं. पण घाईघाईत बनवलेली पहिली इंजिनं गिऱ्हाइकांकडे बंद पडू लागली. काही परत आली. विद्वान म्हणू लागले की यात नवीन काही नाही, पेटंटवरून खटले झाले. डोकेदुखी, निद्रानाश, त्याला काही महिने आरोग्यधामात काढावे लागले. तेलाच्या विहिरी आणि जमिनीत घातलेला पैसा बुडाला. यंत्रात इतका हिशेबी असलेला माणूस व्यवहारात मात्र अगदी भोळा निघाला.

त्याच्या मनात मुळात काय होतं, ते फार कमी लोक सांगतात. वाफेचं इंजिन प्रचंड आणि महाग, ते फक्त बड्या गिरणी मालकाला परवडायचं. आपलं इंजिन लहान करता येईल, म्हणजे सुतार, विणकर, छोटा कारागीर आपल्या घरी ते लावील आणि मोठ्यांपुढे टिकेल, असं त्याचं स्वप्न. १९०३ मध्ये त्याने एक पुस्तकच लिहिलं. कामगारांनी थोडे थोडे पैसे एकत्र करून स्वतःच्या मालकीचे कारखाने उभारावेत, असं त्यात होतं. पुस्तक जवळपास कुणी घेतलं नाही. जर्मनीत जे कुणी वाचलं नाही, ते पुढे १९५० च्या सुमाराला आपल्याच जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचे शेअर गोळा करून साखर कारखान्याच्या रूपात उभं केलं. दोघांचा एकमेकांशी संबंध काही नाही. तरी मला ही दोन चित्रं शेजारी ठेवावीशी वाटतात.

आणखी एक. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं. बघणाऱ्यांना फरकसुद्धा कळला नाही. वसाहतींमधल्या लोकांना आपल्या शेतात पिकलेल्या तेलावर इंजिन चालवता यावं, ही त्यामागची कल्पना. आयुष्याच्या शेवटी डिझेल स्वतः या वनस्पती तेलांबद्दल भाषणांतून बोलत होता. बायोडिझेलवर तुमच्यापैकी कुणी प्रोजेक्ट करत असेल, तर मुळाशी हे प्रदर्शन आहे.

२९ सप्टेंबर १९१३. एका नव्या डिझेल कारखान्याच्या कामासाठी तो बेल्जियममधून ड्रेस्डेन नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाला. सोबतच्यांबरोबर जेवला, सकाळी सव्वासहाला उठवा असं सांगून दहाच्या सुमारास खोलीत गेला. सकाळी खोली रिकामी होती. अंथरुणावर कुणी झोपलेलं नव्हतं. डेकवर कठड्याजवळ त्याची टोपी आणि ओव्हरकोट नीट ठेवलेला सापडला. दहा-अकरा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खवळलेल्या पाण्यात तो वर ठेवता आला नाही; खिशातल्या वस्तू तेवढ्या काढून घेतल्या. औषधाची डबी, चष्म्याचं घर, खिशातला चाकू. मुलगा ऑइगेनने त्या ओळखल्या. त्या वेळी रुडॉल्फ पंचावन्न वर्षांचा होता. निघण्यापूर्वी बायकोकडे दिलेल्या बॅगेत वीस हजार मार्क रोख निघाले आणि बँकेतली खाती रिकामी असल्याचे कागद. त्याने स्वतः जीव दिला, की तोल गेला, की कुणी काही केलं, यावर पानंच्या पानं लिहिली गेलीत. त्या काळी युद्ध जवळ आलं होतं आणि पाणबुड्यांना त्याचं इंजिन हवं होतं, म्हणून अफवाही भरपूर. मला स्वतःला ती बॅग जास्त बोलकी वाटते.

शेतात चालणारं डिझेल इंजिन त्याने पाहिलंच नाही. त्याच्या हयातीत ते टनावारी वजनाचं, जागेवर बसलेलं किंवा जहाजातलं यंत्र होतं. डिझेल ट्रॅक्टर आले ते १९२० च्या दशकात. तेल फवारणारा लहान, नेमका पंप बॉश कंपनीने १९२७ पासून बनवायला घेतला, तेव्हा कुठे हे इंजिन हलकं झालं. आपल्याकडे १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली आणि विहिरीवरची मोट हळूहळू उतरू लागली. दुष्काळी तालुक्यात विहिरीच्या तळाचं पाणी वर काढायला बैलांपेक्षा या इंजिनाची धाव मोठी होती.

थंडीचा प्रश्न मात्र तोच राहिला. त्यावर निघालेले उपाय म्हणजे हवा आधी तापवणारी तार, म्हणजेच हीटर किंवा ग्लो प्लग, आणि जोरकस सेल्फ. बाजारात ईथरचा स्प्रे मिळतो, लगेच पेटतो, म्हणून काही जण तो हवेच्या पाइपात मारतात. हीटर असलेल्या इंजिनात हे भलतंच धोक्याचं. तापलेल्या तारेवर ईथर वेळेआधी भडकतं आणि पिस्टन फुटू शकतो. १८९३ ला डिझेलच्या डोक्याजवळून जे गेलं, तसंच काहीसं. हवेच्या पाइपाशी पेटता बोळा धरण्यातही, शेजारी डिझेलची टाकी असताना, शहाणपण नाही. त्यापेक्षा हीटरला पुरेसा वेळ द्यावा, रेडिएटरमध्ये गरम पाणी घालावं, रात्री बॅटरी काढून घरात ठेवावी आणि ऑइल वेळेवर बदलावं.

त्या सकाळी आमचा ट्रॅक्टर साखळीनेच सुरू झाला. शेजाऱ्याने पंचवीस-तीस पावलं ओढला, नानांनी क्लच सोडला, एक आचका बसला, काळा धूर निघाला आणि साखळी एकदम ढिली पडली. नाना तसेच थेट रानात गेले. साडेनऊला पहिल्या सरीत कांद्याचं रोप लागलं.