डॉ. आनंदीबाई जोशी यांचे जहाजावरील दिवस

आपल्या गावाच्या नावात दर्या आहे. खरा दर्या मात्र शेकडो मैल दूर. तरी समुद्रावरच्या एका अडचणीची कल्पना आपल्याला चटकन यावी. पाणी डोळ्यांपुढे असावे आणि ते पिता येऊ नये, हे या खारपाण पट्ट्यात आपल्या आया-आज्यांनी विहिरीविहिरीवर अनुभवले आहे. म्हणून डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र सांगताना मी त्यांच्या जहाजावरील दिवसांपाशी थोडी अधिक थांबणार आहे.

आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 चा. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी पोस्टखात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्याच दुःखातून त्यांनी डॉक्टर होण्याचा निश्चय केला. 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूर येथील कॉलेजात भाषण करून, आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी भर सभेत सांगितले.

7 एप्रिलला कलकत्त्याहून त्यांची बोट सुटली. अठरावे वर्ष पुरे होऊन आठवडाच झाला होता. पती बरोबर नव्हते. सोबत होती ती मिशनरी बायकांची.

सभेत शब्द देणे एक, आणि तो जहाजावर रोज दोन वेळा पाळणे निराळे. घरात सोवळेओवळे सांभाळायला स्वतःची चूल असते, बोटीवर भटारखाना परक्यांचा. आनंदीबाईंनी मुख्यतः बटाट्यांवर दिवस काढले. त्या काळच्या बोटीवर गोडे पाणी जपून वापरावे लागे. लुगडे धुवायचे कोठे, वाळवायचे कोठे, हे कोडे आपण बायकाच जाणू शकतो! समुद्र खवळला की खोलीची खिडकी बंद, आत उकाडा आणि पायांखालची जमीन हलती. त्यात मन मोकळे करायला मराठी बोलणारे माणूस नाही. वादळ एक दिवस येते आणि जाते. ही कुचंबणा मात्र रोजची. जवळजवळ दोन महिने ती सोसून 4 जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या, त्या आपल्याच वेषात. तेथे कार्पेंटरबाईंनी त्यांना मुलीसारखे घरी नेले.

पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकल्या. थंडी, अपुरा आहार आणि आजार यांनी शरीर पोखरले. परंतु 11 मार्च 1886 रोजी पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. पण ते काम हाती घेणे नशिबी नव्हते. क्षयाने खंगून त्या परतल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यास वारल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

शब्द पाळण्याची किंमत फार मोठी पडली असे मला वाटते, आणि ती त्यांच्याकडून घेणारा समाज आपलाच होता. भगिनींनो, आज आपल्या घरातील मुलगी शिकायला परगावी निघाली, तर तिच्यावर अटी घालण्याआधी तिच्या जेवणाची, पाण्याची आणि सोबतीची चौकशी आपण करू या.