विश्लेषण : खंडानंतर पुन्हा स्कूबा करताना तोल का जातो? कुस्तो काय शिकवतात?

रोह्याहून कोकण रेल्वेने मालवण गाठणाऱ्या हौशी पाणबुड्यांना पावसाळ्यात थांबावेच लागते. खंडानंतर पाण्यात उतरले की आधी बिघडतो तो तोल. शरीर तळाला टेकते, नाहीतर वर सुटते.

स्कूबाचे जनक झाक कुस्तो यांची सुरुवातही सक्तीच्या खंडातूनच झाली. १९१० मध्ये जन्मलेल्या या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याला वैमानिक व्हायचे होते. मोटार अपघातात हात मोडले, ते स्वप्न संपले. हातांत बळ यावे म्हणून ते भूमध्य समुद्रात पोहू लागले आणि पाण्याखालच्या जगात रमले. १९४३ मध्ये अभियंता एमिल गान्यां यांच्यासह त्यांनी ‘अ‍ॅक्वालंग’ घडवले. खोलीनुसार योग्य दाबाची हवा त्यातून मिळू लागली. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या सुरुवातीच्या काळात हवा भरायचे जाकीट नव्हते. कमरेचे वजन आणि श्वास यांवरच तोल सांभाळला जाई. श्वास घेतला की शरीर किंचित वर, सोडला की खाली. खंडानंतर घाईत श्वास उथळ होतो, तिथेच गणित चुकते. म्हणून प्रशिक्षकासोबत आधी उथळ पाण्यात वजन तपासा, संथ श्वास घ्या. पाण्याखाली श्वास कधीही रोखू नका. वर येताना फुप्फुसाला इजा होऊ शकते.