श्रीरामपूरची आग व विल्यम केरी

सन 1812 च्या मार्च महिन्याच्या 11 व्या तारखेस, बुधवारी सायंकाळी, बंगाल्यातील श्रीरामपूर येथील मिशनच्या छापखान्यास आग लागली. आपल्याकडे ह्याच नावाचे जे गाव आहे ते हे नव्हे. हे श्रीरामपूर कलकत्त्याच्या वरच्या अंगास हुगळी नदीच्या काठी आहे. ज्यांच्या बारा वर्षांच्या श्रमांची त्या रात्री राख झाली, त्या विल्यम केरीसाहेबांचे नाव आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. परंतु त्या रात्री नेमके काय गेले व पुढे त्याचे काय झाले, हे फारसे सांगण्यात येत नाही. म्हणून ह्या तारखेच्या निमित्ताने आम्ही ते येथे देत आहो.

केरीसाहेबांचा जन्म इंग्लंडातील पॉलर्सपरी नावाच्या खेड्यात 17 ऑगस्ट 1761 रोजी झाला. बाप विणकर होता. पुढे तो गावच्या शाळेचा मास्तर झाला. मुलगा मोच्याच्या हाताखाली जोडे शिवावयास राहिला, व आरीदोऱ्याचे काम करता करताच लॅटिन, ग्रीक व इब्री भाषा शिकला. 2 ऑक्टोबर 1792 रोजी केटरिंग गावी थोड्याशा बाप्टिस्ट पाळकांनी मिळून मिशनरी मंडळी स्थापिली. तेव्हा वर्गणीचे आकडे पडले ते अवघे 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स. पुढील वर्षाच्या नोव्हेंबरात केरी सहकुटुंब कलकत्त्यास उतरले.

पहिली वर्षे फार हालाची गेली. पोटासाठी त्यांनी मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर नोकरी धरली. 1794 साली त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर हगवणीने वारला. पत्नी डोरोथीबाई ह्यांची इकडे येण्याची मुळीच इच्छा नव्हती. त्या दुःखानंतर त्यांचे मन बिघडले ते कायमचेच. 1807 साली त्यांस मृत्यू आला तोपर्यंत सुमारे बारा वर्षे त्या त्याच स्थितीत होत्या, आणि शेजारच्या खोलीत त्यांचे आकांत चालू असता साहेब भाषांतरास बसलेले असत. काही चरित्रकार ही गोष्ट दोन ओळींत उरकतात. आमच्या मते ती झाकून ठेवू नये. ह्या कामाची किंमत एकट्या केरींनी दिली नाही. त्या बाईंनी तर ती न पत्करताच दिली.

कंपनी सरकार आपल्या मुलखात मिशनऱ्यांस थारा देत नसे. म्हणून 1800 च्या जानेवारीत केरी डेन लोकांच्या अंमलातील श्रीरामपुरास येऊन राहिले. तेथे शाळा चालविणारे मार्शमनसाहेब व छापखान्याचे जाणते वॉर्डसाहेब हे त्यांचे सोबती. तिघांचा हिशेब एकत्र असे. 1801 पासून केरींना कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकविण्याचे काम मिळाले. पगार आरंभी महिना 500 रुपये, पुढे 1,000. त्यातील थोडेसे निर्वाहापुरते ठेवून बाकी सर्व मिशनच्या पेटीत जाई.

ह्याच कॉलेजात ते आपली मराठी भाषाही शिकवीत. महाराष्ट्रात त्यांनी कधी पाऊल टाकले नाही. नागपूरकडचे पंडित वैजनाथशास्त्री ह्यांच्या साह्याने त्यांनी 1805 साली मराठी व्याकरण व 1810 साली मराठी कोश छापला. कोशासाठी मोडी अक्षरांचे खिळे पाडविले. 1811 साली मराठी नवा करारही निघाला. त्याची भाषा मुंबई-पुण्याकडील लोकांस परकी वाटली व पुढे येथे नवीन भाषांतरे करावी लागली, हे खरे. पण दुसऱ्याने तोडलेल्या वाटेवरून चालणाराने काट्यांबद्दल फार कुरकुर करू नये.

आता त्या संध्याकाळकडे वळू. वॉर्डसाहेब आपल्या खोलीत कागद पाहत बसले होते. सुमारे सहाच्या वेळी छपाईच्या कागदांच्या कोठीतून धूर येताना त्यांना दिसला. इमारत दोनशे फूट लांब होती. त्यांनी तत्काळ सर्व दारेखिडक्या लावून घेतल्या, की वारा न मिळून आग गुदमरावी. आणि छपराला भोके पाडून वरून पाणी ओतविण्यास आरंभ केला. कित्येक तास हे चालले व आग आटोक्यात येईल असे वाटू लागले. इतक्यात कोणी तरी, भल्या हेतूनेच, एक खिडकी उघडली. वारा आत शिरला, आणि पाहता पाहता सारी इमारत पेटली. मध्यरात्रीच्या सुमारास छप्पर कोसळले. सुदैवाने बाहेर वारा पडलेला होता. ज्वाला सरळ वर गेल्या आणि शेजारची घरे वाचली. मनुष्य एकही दगावला नाही. आग कशाने लागली ते शेवटपर्यंत कळले नाही.

केरीसाहेब त्या दिवशी कॉलेजच्या कामासाठी कलकत्त्यास होते. सकाळी मार्शमन नदीवाटे जाऊन त्यांना भेटले व वर्तमान सांगितले. साहेबांच्या डोळ्यांस पाणी आले. त्याच संध्याकाळी ते परतले व ढिगाऱ्यावरून हिंडले. कागदाची बाराशे रिमे गेली, पौर्वात्य भाषांच्या अक्षरांचे चौदा संच वितळले. हे सर्व पैशाने भरून येण्याजोगे होते. परंतु हस्तलिखिते? संस्कृतास मध्ये ठेवून अनेक देशी भाषांचे शब्द एकत्र केलेला मोठा कोश, तेलुगू व पंजाबी व्याकरणे, कानडी नव्या कराराचे भाषांतर, रामायणाच्या इंग्रजी भाषांतराचा पुढील भाग, ही त्यांनी व पंडितांनी हाताने लिहिलेली. त्यांची दुसरी प्रत नव्हती.

दोन गोष्टी मात्र हाती लागल्या. लगतच्या खोलीतील पाच छापयंत्रे ओढून काढता आली होती. आणि राख उपसता उपसता पोलादी ठसे धडधाकट सापडले. खिळे म्हणजे शिशाचे, ते वितळणारच. पण ज्या ठशांवरून साचे व साच्यांवरून खिळे होतात ते पोलादाचे असतात, व एकेक कोरावयास कसबी माणसाचे कित्येक दिवस जातात. पंचानन कर्मकार नामक बंगाली कारागिराने ही विद्या श्रीरामपुरास आणली व त्याचा जावई मनोहर ह्याने ती चालविली. त्यांची नावे आमच्या मंडळ्यांत कोणी घेत नाही. ती घेतली पाहिजेत. त्यांच्या हातचे ठसे नसते तर पुनः आरंभ करावयास वर्षे लागली असती. वितळलेले शिसे गोळा करून रात्रंदिवस ओतकाम सुरू झाले, आणि शेजारच्या रिकाम्या वखारीत थोड्याच आठवड्यांत छपाई चालू झाली. विलायतेत बातमी पोहोचताच सुमारे पन्नास दिवसांत दहा हजार पौंड जमले, व अधिक पाठवू नका असे वर्गणीदारांस कळवावे लागले.

केरीसाहेबांनी पहिल्या पानापासून पुनः लिहावयास घेतले. एकदा चाललेली वाट दुसऱ्याने चालताना सोपी जाते, अशी त्यांची समजूत होती. पंजाबी व्याकरण त्याच वर्षी छापून निघाले, तेलुगू 1814 साली, कानडी 1817 साली. रामायणाचे भाषांतर तीन खंडांवर थांबले ते थांबलेच. अनेक भाषांचा तो मोठा कोश मात्र पुनः झाला नाही. तेवढे बळ व तेवढी वर्षे पन्नाशी उलटलेल्या माणसाजवळ उरली नव्हती.

त्यांस झाडांचाही मोठा नाद होता. श्रीरामपुरास त्यांनी देशोदेशीची झाडे लावून बाग केली होती, आणि 1820 साली शेतकी सुधारण्यासाठी एक मंडळी काढली. 1823 च्या ऑक्टोबरात साहेब पडून कंबरेस इजा झाल्यामुळे अंथरुणास खिळले असता दामोदर नदीस पूर आला. पाणी श्रीरामपुरात शिरले, घर सोडून जावे लागले, बाग बुडाली. पाणी ओसरले, साहेब कुबड्यांवर उठू लागले, आणि बाग नव्याने लावण्यात आली. 9 जून 1834 रोजी ते श्रीरामपुरासच वारले. इंग्लंडास ते एकदाही परत गेले नव्हते.